वाटीखालचा तारा

काकांच्या घरी आमटीत मीठ जास्त झालंय असं तोंडाने सांगायची सोय नव्हती. आधी ते चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी उपडी ठेवायची, मग समोरच्याने त्याची लिहायची, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून झाल्या की काय ते बोलायचं. आमटीचं मीठ, बाहेरची थंडी, टीव्हीवरचा पुढारी खरं बोलतोय की थापा मारतोय, सगळ्याला हाच न्याय. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारा आपली गंमत करतोय. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, ह्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिसऱ्या आठवड्यात मी न सांगता टेबलावरच्या डब्यातून कागदाचा कपटा घेतला आणि 'मीठ कमी' असं लिहून मोकळी झाले.

त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायला आले ती दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरात. ओटावाच्या पश्चिमेला कनाटात एका सॉफ्टवेअर कंपनीत मला टेस्टरची नोकरी लागली होती. टेस्टर म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणारा माणूस. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक माझीच आहे.

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी नोकरी कुठे, स्वयंपाक करतेस का, मित्रमंडळी फार येतात का, असलं काहीच विचारलं नाही. दारातच विचारलं, "डोळे कसे आहेत तुझे?"

"चष्मा आहे. मायनस दोन."

"चष्म्याचं चालेल. लाल रंग लाल दिसतो ना?"

"दिसतो."

"मग ये राहायला. आणि विंटर टायर्स पुढच्याच आठवड्यात टाकून घे, नोव्हेंबरची वाट बघू नकोस."

काका मूळचे चिपळूणचे. एकोणसत्तर साली इकडे आले आणि एका सरकारी प्रयोगशाळेत दिव्यांची तपासणी करत तीस वर्षं राहिले. एक प्रमाण दिवा, शेजारी तपासायचा दिवा, आणि मध्ये काकांचा डोळा. पुढे यंत्रं आली, पण काकांचा यंत्रावर राग नव्हता. ते म्हणायचे, यंत्र बिचारं दिसतं तेच सांगतं, माणसाला आधीच ठाऊक असतं काय दिसायला हवं, म्हणून माणसाची तपासणी जास्त करावी लागते. त्यांचं मराठी एकोणसत्तर सालीच थांबलं होतं. ई-मेलला तार म्हणायचे. पण शोव्हल करणे आणि पार्किंग हे शब्द मात्र चिपळूणहूनच आणल्यासारखे वापरायचे.

चिठ्ठ्यांचं मूळ एका ताऱ्यात होतं. लहान मुलं चित्रात घर काढतात, चौकोन आणि वर त्रिकोणी छप्पर, तशा आकाराचा एक तारकासमूह उत्तरेला असतो. मराठीत त्याला वृषपर्वा म्हणतात. त्या घराच्या एका कोपऱ्याशी तीन तारे अगदी जवळजवळ आहेत. त्यातला एक स्थिर नाही. पाच दिवस आणि नऊ तासांत तो एकदा उजळतो आणि एकदा मंद होतो, आणि उरलेले दोघे आपल्या जागी तसेच राहतात. त्याचं नाव डेल्टा सेफेई. काका त्याला 'आपला' म्हणायचे. "आपला आज कसा आहे बघून ये," असं ते म्हणाले की पहिले काही दिवस मला वाटायचं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलतायत.

कनाटातून तो तारा कधीच मावळत नाही. उन्हाळा असो की हिवाळा, अंधार पडला की तो असतो. हिवाळ्यात तर अंधार पाचलाच पडतो, त्यामुळे ऑफिसमधून घरी आलं की बूट काढायच्या आधीच तारा बघून व्हायचा. मागच्या अंगणात कुंपणाचा एक खांब होता. त्यावर दुर्बीण टेकवायची, तिन्ही तारे शोधायचे आणि आपला तारा त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. एक शेजारी ३.४ चा, दुसरा ४.२ चा. ह्या शास्त्रात आकडा जितका मोठा तितका तारा मंद. आपला कधी पहिल्याच्या जवळ जातो, कधी दुसऱ्याच्याही खाली उतरतो. बघून आत यायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा आणि ती जेवणाच्या टेबलावरच्या पितळेच्या वाटीखाली सारायची. मग दुसऱ्याने बाहेर जायचं. त्याचा आकडा लिहून झाला की वाटी उचलायची आणि दोन्ही आकडे वहीत दोन रकान्यांत लिहायचे.

नियम कडक होते. पहिल्याने परत आल्यावर चेहराही सांभाळायचा, वा किंवा अरेरे म्हणायचं नाही. कालचं पान उघडायचं नाही. आज तो कुठे असायला हवा ह्याचा हिशेब कागदावरच काय, मनातही करायचा नाही. आणि ढग असले तरी खिडकीतून बघून 'ढग' लिहायचं नाही. जॅकेट चढवून बाहेर जायचं, मान वर करायची, आणि मग लिहायचं. उणे वीसमध्ये नुसते ढग बघायला बाहेर जाणारी आम्ही त्या रस्त्यावर दोघंच होतो.

"काका, घरातून दिसतंय की ढग आहेत."

"घरातून तुला खिडकी दिसते."

तो तारा असा कमी-जास्त का होतो हे मी त्यांना विचारलं तेव्हा ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. गॅसवर वरणाचं पातेलं होतं, वर झाकण. वाफ साठली की झाकण उचललं जायचं, वाफ निसटली की खाली बसायचं. ताऱ्याच्या आतही असाच एक थर आहे, म्हणाले, हेलियम वायूचा. तो दबला आणि तापला की अपारदर्शक होतो, आतली उष्णता बाहेर सोडत नाही. मग तारा फुगतो. फुगला की तो थर विरळ होतो, निवतो, उष्णतेला वाट मिळते, आणि तारा पुन्हा आक्रसायला लागतो. आक्रसला की थर पुन्हा दबतो आणि तापतो. चढायला त्याला दीड दिवस लागतो आणि उतरायला जवळजवळ चार.

"म्हणजे सगळ्यात मोठा होतो तेव्हा सगळ्यात तेजस्वी?" मी विचारलं.

"नाही ना, तीच गंमत. पुरता फुगतो तोवर त्याचं तेज उतरणीला लागलेलं असतं. आमच्या ऑफिसातले बरेच साहेब असे होते."

अशा ताऱ्यांचा ताल जितका संथ तितकं त्यांचं खरं तेज जास्त, म्हणून नुसता ताल मोजून ते किती लांब आहेत हे सांगता येतं, आणि त्यावरून माणसांनी दूरदूरच्या दीर्घिकांची अंतरं काढली. हे सांगताना काकांचा आवाज बदलायचा. आपला साधारण नऊशे प्रकाशवर्षांवर आहे. काका म्हणायचे की तो बिचारा नऊशे वर्षं चालत येतो आणि आपण दोन मिनिटं बाहेर उभं राहायला कुरकुर करतो.

मी यायच्या आधी दुसरी चिठ्ठी काकूंची असायची. त्या माझ्या येण्याच्या सव्वा वर्ष आधी गेल्या. मी त्यांना पाहिलं नाही, पण बेसमेंटमध्ये माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बिस्किटांचे रिकामे डबे रचलेले होते, प्रत्येकावर वर्ष, आणि आत दोघांच्या चिठ्ठ्या टाचणीने जोडलेल्या. काकूंच्या चिठ्ठ्यांच्या मागे ग्रोसरीची यादी असायची. दूध, कोथिंबीर मिळाली तर, लाँड्रीचा साबण, आणि पुढच्या बाजूला ३.९. काकांच्या आकड्यापेक्षा काकूंचा आकडा बहुतेक वेळा थोडा उजळ असायचा. पस्तीस वर्षांत त्यांचे आकडे लागोपाठ चार दिवस कधी जुळले नाहीत, हे काका मोठ्या अभिमानाने सांगायचे. दुसऱ्या कुणी संसाराबद्दल असं सांगितलं असतं तर ती तक्रार वाटली असती.

काकू ज्या दिवशी गेल्या त्या दिवशीही संध्याकाळी हॉस्पिटलमधून परत आल्यावर काकांनी तारा बघितला आणि चिठ्ठी वाटीखाली ठेवली. सकाळी वाटी उचलली तर एकच चिठ्ठी. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता, माझ्याकडे न बघता. वहीतला दुसरा रकाना तिथपासून माझ्यापर्यंत कोरा आहे.

तारा मंद असला तर तो बघायची एक युक्ती त्यांनी मला शिकवली. मंद ताऱ्याकडे थेट बघायचं नाही, त्याच्या किंचित बाजूला बघायचं. डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला अंधारातलं जास्त कळतं. मला ते जमायला महिना लागला. जमलं त्या दिवशी काकांनी स्वतः शिरा केला आणि शिरा कसा झालाय ह्याच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या. मी 'उत्तम' लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'करपला.'

माझ्यासाठी टोरांटोतलं एक स्थळ आईने तिकडून शोधून काढलं तेव्हाही असंच. मुलगा दोनदा येऊन भेटून गेला. मी काकांना विचारलं, तुम्हाला कसा वाटला? काकांनी चिठ्ठ्यांचा डबा पुढे सरकवला. मी लिहून ठेवली. मग म्हणाले, "माझी काही चिठ्ठी नाही. तू काय लिहिलंस ते तू वाच." मी 'नको' लिहिलं होतं, आणि लिहीपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. आईने पुढचा महिनाभर काकांचं नाव काढलं की फोन ठेवून दिला.

आता त्या जानेवारीचं सांगते. दोन हजार सतरा. आकाश स्वच्छ होतं आणि थंडी अशी की नाकातला ओलावा गोठत होता. मी बघितलं, ३.६. अगदी ठळक होता तो. आत येऊन लिहिलं, वाटी उचलली. काकांचा आकडा होता ४.२. इतका फरक आमच्यात कधीच पडला नव्हता. काका पुन्हा जॅकेट घालून बाहेर गेले, दहा मिनिटांनी आले आणि दुसऱ्या चिठ्ठीवर ४.३ लिहिलं. जेवले नाहीत. पुढचे दोन दिवस पुन्हा तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी ते वहीवर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "उजवा डोळा माझा लहानपणापासूनच आळशी आहे. सगळं केलं ते डाव्याने केलं. आता तो बिघडत असेल तर मी इथे करायचं काय? मार्कहॅमला पोरीकडे जाऊन टीव्ही ऐकत बसू?"

"अहो, माझंच चुकत असेल," मी म्हटलं. "मला कुठे एवढी सवय आहे."

"तेही असेल," काका म्हणाले. "म्हणून तर दोन चिठ्ठ्या लागतात. ताऱ्याला आपली गरज नाही बाई, त्याचं त्याचं चाललेलं असतं. ह्या चिठ्ठ्या आपल्याला तपासतात. आठवडाभर बघू. फरक राहिला तर डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ."

हे त्यांनी मला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर जाऊन आले. मला ३.८ वाटला होता. काका आतल्या खोलीत होते. मी वाटी उचलली. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात ४.१ होतं. मी वाटी परत ठेवली आणि माझ्या चिठ्ठीवर ४.० लिहिलं.

काकांनी दोन्ही चिठ्ठ्या दिव्याखाली धरल्या, नाकाला लावून वाचल्या. "जुळलं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि मला चिपळूणच्या पुराची गोष्ट सांगितली. मला फार बरं वाटलं. माणसाला इतक्या थोडक्यात सुखी करता येत असेल तर का करू नये, असंच मला वाटलं.

मग मी ते रोज करायला लागले. सुरुवातीला बाहेर जाऊन, तारा बघून, मग वाटी उचलून. फेब्रुवारीत थंडी वाढली तशी मी मागच्या दारापाशीच उभी राहायचे, जॅकेटची चेन वर करायची, दोन मिनिटांनी खाली करायची, दार उघडल्या-लावल्याचा आवाज करायचा आणि आत यायचे. त्यात प्रेम होतं हे खरं आहे. पण आळसही होता, आणि कुठलं किती ते आता मला वेगळं करता येत नाही.

त्याच फेब्रुवारीत काकांनी खिडकीच्या पट्ट्या बदलायचं खूळ घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स होते. काका म्हणाले, मधल्या पट्ट्या वाकल्यात. मला सरळ दिसत होत्या. मी म्हटलं, थोड्या असतील वाकल्या. नवीन आणले, मी स्टुलावर चढून लावले. तेही वाकडे. काका दुकानात जाऊन भांडले आणि तिसरे घेऊन आले. तेही वाकडे. मग त्यांनी ठरवलं की थंडीने जमीन फुगून घराची चौकटच सरकली असणार. पाणसळ आणली, चौकटीवर ठेवली, मला बुडबुडा बघायला सांगितला. बुडबुडा बरोबर मध्यावर होता. काका कपाळाला हात लावून म्हणाले, "चौकट सरळ, पट्ट्या वाकड्या. हल्लीचा मालच फालतू." मी ही गोष्ट आईला फोनवर रंगवून सांगितली. आई इतकी हसली की टोरांटोच्या स्थळाचा राग विसरली.

ऐंशी पूर्ण झाली की इथे गाडीचं लायसन्स चालू ठेवायला डोळे तपासून घ्यावे लागतात. काकांची पाळी मे महिन्यात आली. त्या तपासणीत ते नापास झाले. तिथल्या बाईंनी त्यांना लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. गाडी मी चालवत नेली आणि काका शेजारी बसून मला लेन बदलायच्या सूचना देत होते, त्याही चुकीच्या.

डॉक्टर तरुण होता, सावकाश बोलणारा. त्याने सांगितलं की डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात नको तिथे रक्तवाहिन्या वाढून गळल्या आहेत आणि तिथे व्रण झालाय. त्याने विचारलं, सरळ रेषा वाकड्या दिसत होत्या का? उदाहरणार्थ दाराची चौकट, खिडकीच्या पट्ट्या?

"हो," काका म्हणाले. "फेब्रुवारीपासून."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

"कारण चिठ्ठ्या जुळत होत्या," काकांनी इंग्रजीत सांगितलं, अगदी सरळपणे. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. हे आजोबा काय म्हणतायत ते मी समजावून सांगावं अशी त्याची अपेक्षा होती. मी खाली बघितलं.

तो म्हणाला, तीन-चार महिन्यांपूर्वी आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं. आता देऊ, पण जे गेलं ते गेलं.

मधलं गेलं, कडेचं राहिलं. काकांना भिंती कळायच्या, दार कळायचं, टेबलावरच्या वाटीची कड कळायची, पण जे बघायला जावं तेच नाहीसं व्हायचं. मला म्हणाले, "तुझे दोन्ही कान दिसतात. तोंड कुठे गेलं कुणास ठाऊक." मी हसले, आणि बेसमेंटमध्ये जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

तीन आठवडे मी काही बोलले नाही. धीर झाला नाही, एवढंच कारण. मग एका रविवारी दुपारी काकांनी वही काढली. "जानेवारीपासून वाच," म्हणाले. "दोन्ही रकाने. माझा डोळा नेमका कधी फिरला ते मला शोधायचंय."

मी वाचायला लागले. चार पॉइंट दोन, तीन पॉइंट सहा. चार पॉइंट एक, तीन पॉइंट पाच. मग तो दिवस आला. चार पॉइंट एक, चार पॉइंट शून्य. पुढचा दिवस. पुढचा. काका डोळे मिटून ऐकत होते. तारा चढायचा तेव्हा चढत नव्हता, उतरायचा तेव्हा उतरत नव्हता, आणि आम्ही दोघं मात्र हातात हात घालून चाललो होतो. दहा-बारा ओळी झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. इतकं जुळत नसतं."

"काका, मी वाटी उचलत होते."

काकांनी डोळे उघडले. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या तारखेपासून?"

मी सांगितलं.

"सगळे दिवस?"

"सगळे. नंतर नंतर मी बाहेरसुद्धा जात नव्हते."

"लाल पेन आण," ते म्हणाले. "तुझा रकाना त्या तारखेपासून काट. माझाही काट, तो जानेवारीच्या पहिल्यापासून. ते आकडे ताऱ्याचे नाहीत."

मी काटत गेले. एकेका ओळीवर रेघ. रेघा वाकड्या येत होत्या, आणि त्या वाकड्या आहेत हे काकांना दिसणार नव्हतं. मे महिन्यापर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, "काका, रागवा तरी माझ्यावर."

त्यांनी चाचपत वही मिटली. मग म्हणाले, "मला कळायला हवं होतं. तिच्याशी पस्तीस वर्षांत असं जुळलं नाही, ते तुझ्याशी कसं जुळेल? पण घरात कुणाशी तरी जुळतंय हे बरं वाटत होतं मला. म्हणून मी तपासलं नाही." आणि चहा टाकायला सांगितला.

क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, मीही मागितली नाही. कशाची मागायची? एका माणसाच्या जगाचा मधला भाग मी त्याला बरं वाटावं म्हणून घालवला होता. आजही कुणी मला तू फार मायाळू आहेस म्हटलं की मला नको वाटतं.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर बेसमेंटमधून वर आले तर टेबलावर वाटी होती आणि वाटीखालून पांढऱ्या पुठ्ठ्याची कड बाहेर आली होती. मी बाहेर गेले, खरोखर गेले, बघितलं, येऊन ३.९ लिहिलं, आणि मग वाटी उचलली. जाड काळ्या मार्करने काकांनी लिहिलं होतं, 'दिसत नाही'. दुर्बीण घेऊन ते खांबापाशी उभे राहून आले होते. "नोंद कर," म्हणाले. मी दोन रकान्यांत दोन नोंदी केल्या. पुढचं दीड वर्ष दररोज असंच.

मग ते जिन्याची पायरी चुकून पडले आणि मुलीने ऐकलं नाही. घर विकायला काढलं, काकांना टोरांटोजवळ मार्कहॅमला नेलं. मी कनाटातच एक अपार्टमेंट घेतलं. बाल्कनी उत्तरेला आहे की नाही एवढंच एजंटला विचारलं आणि त्याला वाटलं मी वास्तुशास्त्रवाली आहे. वाटी काकांनी बरोबर नेली. ज्या संध्याकाळी मी तारा बघायचे त्या संध्याकाळी त्यांना फोन करायचे. फोन उचलून ते आधी आपलं सांगायचे, "दिसत नाही. आता तुझं सांग." मी आकडा सांगायचे. "बरं," म्हणायचे. मग थंडी, बर्फ, पोरीच्या हातची आमटी. कधी मी कंटाळा करायचे. बाहेर जायचे नाही, मग फोनही करायचे नाही, कारण न बघता आकडा सांगायची आता माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी ते कधी विचारायचे नाहीत, काल का नाही केलास.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. मी बसने मार्कहॅमला गेले. सगळं आटोपल्यावर त्यांच्या मुलीने एक बुटांचं खोकं माझ्या हातात दिलं.

"डॅड म्हणाले होते, हे तुला द्यायचं. ही डिड इट एव्हरी सिंगल इव्हनिंग, यू नो. स्नो पडत असला तरी. मी म्हणायचे, डॅड, तुला दिसत नाही, मग बाहेर कशाला जातोस? तर म्हणायचे, दिसत नाही हे खिडकीतून कसं लिहू?"

खोक्यात वाटी होती आणि पुठ्ठ्याचे तुकडे होते, तारीखवार लावून रबराने बांधलेले. सगळ्यांवर तेच दोन शब्द, मार्कर संपत आला तसे फिके होत गेलेले, मग नवीन मार्करने पुन्हा काळे. परतीच्या बसमध्ये मी एकेक करून बघत होते. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारच्या पुठ्ठ्यावर दोन शब्द नव्हते, तीन ओळी होत्या.

'कडेने दिसला असं वाटलं. ३.७. नोंदवू नये.'

घरी येऊन मी माझी वही काढली. त्या मंगळवारी माझ्याकडे काहीच नाही. ढगही नाही. मी बाहेर गेले नव्हते, फोनही केला नव्हता. बुधवारी केला होता, तेव्हा ते नेहमीसारखं म्हणाले होते, दिसत नाही, आता तुझं सांग.

पाच दिवस आणि नऊ तासांचा ताल आहे. माझ्या बुधवारच्या आकड्यावरून, किंवा कुठल्याही स्वच्छ संध्याकाळच्या, मागे मोजत गेलं तर त्या मंगळवारी तारा कुठे होता ते सांगता येतं. काकांना खरंच दिसला की नुसता वाटला, तेही कळेल. पाच मिनिटांचं काम आहे. तो पुठ्ठा वाटीखाली आहे, आणि ते काम मी अजून केलेलं नाही.